रंगाचेही प्रूफ वाचावे

१४ एप्रिल जवळ आला की पुण्यातल्या छापखान्यांत आंबेडकर जयंतीची पत्रके येऊ लागतात. संगणकाच्या पडद्यावर ठसठशीत दिसलेला निळा कागदावर कधीकधी जांभळट उतरतो, आणि वाद सुरू होतो. वर्गणी गोळा करून आलेला कार्यकर्ता म्हणतो, ‘‘हा आमचा रंग नव्हे.’’ छापखानेवाला म्हणतो, ‘‘तुम्ही दिलं तेच छापलं.’’ गंमत अशी, की दोघेही खरेच बोलत असतात.

पडद्यावरचा रंग हा प्रकाशाचा असतो. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही प्रकाश एकत्र आले की पांढरा दिसतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. त्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. छपाईच्या शाया मुख्यतः चार : सायन म्हणजे आकाशी निळी, मॅजेंटा म्हणजे किरमिजी, पिवळी आणि काळी. पडद्यावरचे कित्येक झगझगीत रंग या चौघींच्या मिश्रणातून येतच नाहीत.

गडद निळा सायन आणि मॅजेंटा मिळून होतो. दोन्हींचे प्रमाण जवळजवळ सारखे ठेवले, की तो जांभळ्याकडे झुकतो. म्हणून मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावी, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. तेजस्वी भगवा आणि लखलखीत हिरवा हेही चार शायांत थोडे मंदावतात. नेमकी छटाच हवी असेल, तर वेगळी तयार केलेली पाचवी शाई वापरावी लागते. अर्थात तिचा खर्च वेगळा.

पुढचा प्रश्न कागदाचा. गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई वरच राहते, म्हणून रंग खुलतो. मॅपलिथो ती शोषून घेतो, वर्तमानपत्राचा कागद त्याहून अधिक. म्हणूनच वर्तमानपत्रात चारही शायांची बेरीज साधारण २४० टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत. आर्ट पेपरवर ती ३००पर्यंत चालते. शिवाय उजेडही फसवतो. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. त्यामुळे रंग तपासण्यासाठी ५००० केल्व्हिनचा प्रमाणित प्रकाश ठरलेला आहे. तो नसेल तर नमुना दिवसाच्या उजेडात पाहावा.

ही काळजी आपल्याकडे नवी नाही. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा सुरू झाली. राजा रविवर्म्यांचा मुंबईतला छापखाना १८९९मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला आला. शिळाछापाच्या रंगीत चित्रात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे आणि एकावर एक छाप चढत जाई. रंग ठरे तो कागदावर.

आज शिळा गेल्या, पण नियम तोच राहिला. काम देताना कागद कोणता ते आधी ठरवावे. रंगांचे प्रमाण टक्क्यांत लिहून द्यावे. हवा तो रंग छापलेला एखादा तुकडा सोबत न्यावा. शक्यतो त्याच कागदावर नमुना काढून घ्यावा आणि पसंत पडला तरच त्यावर सही करावी.

आम्हा कवींचे संग्रह बहुधा पाचशे प्रतींचे, तेही पदरच्या पैशांतून निघालेले. मुखपृष्ठ बिघडले तर पुन्हा छापणे परवडत नाही. वेलांटी चुकू नये म्हणून आपण तीन-तीनदा प्रूफ वाचतो. रंगाचेही एकदा वाचावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)