कॅमेऱ्याची सॅक आणि पाठीचा कणा

वस्तीतल्या दर दोन-चार गल्ल्यांमागे आज एखादा तरी कॅमेरावाला मुलगा असतो. लग्न, साखरपुडा, नामकरण, जयंतीची मिरवणूक, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, सगळीकडे तोच धावतो. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला, लेन्स कधी स्वतःची तर कधी भाड्याची. म्हणून सॅक खाली ठेवायची त्याला भीती वाटते. घाटकोपरहून दादरला आणि अंधेरीहून बोरिवलीला तो उभ्याने जातो, तेही सॅक पाठीवर घेऊनच. रात्री दोनला घरी आला की आई विचारते, "खांदा का चोळतोस रे?" तो म्हणतो, "काही नाही, झोपलो की बरं वाटेल."

पंचविशीत हे चालून जाते, पण पस्तिशीत कंबर धरते. कॅमेरा बिघडला तर दुरुस्त होतो किंवा दुसरा भाड्याने मिळतो, पण पाठ भाड्याने मिळत नाही. या मुलाच्या कमाईवर घर चालते, म्हणून हा प्रश्न सगळ्या घराचा आहे.

आधी वजन करा

आपल्या सॅकचे वजन किती, हे बहुतेकांना माहीत नसते. साधा हिशेब करू. मोठ्या सेन्सरचा डीएसएलआर बॅटरीसकट ८०० ते ९०० ग्रॅम भरतो, म्हणजे दोन बॉडीचे पावणेदोन किलो. ७०-२०० ची मोठी लेन्स दीड किलोच्या आसपास, २४-७० ची पाऊण किलोच्या वर. दोन फ्लॅश बॅटऱ्यांसकट एक किलो. ट्रायपॉड दोन किलो, लॅपटॉप चार्जरसकट अडीच किलो, पाण्याची बाटली एक किलो आणि रिकामी सॅकच दोन किलो. बेरीज बारा किलोच्या वर जाते.

शाळेच्या दप्तराबाबत केंद्र सरकारचे २०२० चे धोरण सांगते की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. धडधाकट मोठ्या माणसासाठी पंधरा टक्क्यांपर्यंतचा ठोकताळा धरतात. साठ किलोच्या मुलाला हे नऊ किलो होतात. तो बारा-तेरा किलो घेऊन सहा-आठ तास फिरतो, म्हणजे वीस टक्क्यांच्याही वर. भंगारवाल्याच्या किंवा वाण्याच्या काट्यावर एकदा सॅक ठेवून पाहा. आकडा समोर आला की काय काढायचे ते आपोआप सुचते.

शरीरात नेमके काय होते?

जड सॅक आपल्याला मागे खेचते. तोल सांभाळायला आपण पुढे वाकतो आणि मान पुढे काढतो. मानेचे, खांद्याचे आणि कमरेचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. मणक्यांमधल्या गाद्यांवर दाब वाढतो.

एकाच खांद्यावर सॅक लटकवली तर तो खांदा वर उचलला जातो आणि कणा एका बाजूला झुकतो. कॅमेरा पटकन काढता यावा म्हणून बहुतेक जण हेच करतात. पुढे तीच बाजू दुखू लागते.

आणखी एक धोका फारसा कुणाला माहीत नसतो. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा खांद्याजवळून जातो. अरुंद, कडक पट्टा तिथे तासन्‌तास रुतला तर हाताला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, कधी हात उचलायलाही जड जातो. ज्या हाताने फोकस लावायचा तोच हात असा झाला तर धंदा बसतो.

सॅक भरायची कशी?

जड वस्तू पाठीला चिकटून आणि पाठीच्या मधल्या उंचीवर ठेवा. बॉडी आणि मोठी लेन्स तिथे. चार्जर, केबल, कापड अशा हलक्या वस्तू बाहेरच्या कप्प्यात. भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा, फरक लगेच कळेल. सॅकचेही तसेच आहे. वजन पाठीपासून जितके लांब, तितका कमरेवर ताण जास्त.

साध्या कॉलेजच्या सॅकमध्ये सामान नेत असाल तर स्पंजचे तुकडे किंवा जुना टॉवेल घालून कप्पे करा. नाहीतर लेन्स तळाला जाते आणि सगळे वजन कमरेखाली लोंबते.

रोज सगळे सामान नेऊ नका. मिरवणुकीला लॅपटॉप कशाला? बॅटऱ्या घरी भरून निघालात तर चार्जर लागत नाही. ट्रायपॉड हातात घ्या आणि दर थोड्या वेळाने हात बदला. सोबत हेल्पर असेल तर वजन वाटून घ्या, पण सगळे त्याच्या पाठीवर टाकू नका. त्यालाही पाठ आहे.

घालायची कशी?

सॅक जमिनीवरून झटका देऊन उचलू नका. आधी ओट्यावर, बाकड्यावर किंवा खुर्चीवर ठेवा आणि मग दोन्ही पट्ट्यांत हात घाला. जमिनीवरूनच उचलावी लागली तर गुडघे वाकवा, कंबर नको.

कमरेचा पट्टा असेल तर तो आधी कमरेच्या हाडावर बांधा, मग खांद्याचे पट्टे ओढा आणि शेवटी छातीचा पट्टा लावा. असे केल्याने वजनाचा मोठा भाग खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर जातो. स्वस्त सॅकला हा पट्टा नसतो. बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून तो शिवून घेता येतो आणि खांद्याच्या पट्ट्यांना जाड स्पंजही लावता येतो. नवी लेन्स घेण्याआधी हा खर्च करा.

लोकलच्या गर्दीत सॅक पुढे छातीवर घ्यावी लागते. थोडा वेळ चालते. पण चढताना-उतरताना पायाखालचे दिसत नाही, प्लॅटफॉर्म आणि डब्यातली फट लक्षात ठेवा. वरच्या रॅकवर बारा किलो एकट्याने चढवू नका. "भाऊ, जरा हात लावता का?" एवढे म्हटले की मुंबईत कुणीतरी हात लावतेच.

६ डिसेंबरला दादर स्टेशन ते चैत्यभूमी हे दीड-दोन किलोमीटर अंतर गर्दीमुळे कितीतरी लांब होते. दर अर्ध्या तासाने बाजूला होऊन पाच मिनिटे सॅक उतरवा. पट्टा पायात अडकवून ठेवला तर चोरीची भीती नाही. पाणी प्या. एप्रिलच्या उकाड्यात पट्ट्याखाली घामोळ्या येतात, म्हणून आत सुती बनियन घाला.

घरच्या घरी तीन व्यायाम

दहा बाय दहाच्या खोलीतही हे होतात.

१) भिंतीला पाठ, टाचा आणि डोके टेकवून ताठ उभे राहा. खांद्याची पाती मागे एकमेकींकडे ओढा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा.

२) उताणे झोपा, गुडघे वाकवा, कंबर हळू वर उचला, पाच मोजा, खाली आणा. दहा वेळा.

३) मान एका खांद्याकडे हळू झुकवा, दहा मोजा. मग दुसरीकडे. झटका नको.

व्यायाम करताना दुखणे वाढले तर थांबा.

डॉक्टरकडे कधी जायचे?

दुखणे दोन-तीन आठवडे राहिले, हाताला किंवा पायाला मुंग्या येऊ लागल्या, हातातून वस्तू निसटू लागली, किंवा कमरेतून पायात कळ जाऊ लागली तर जवळच्या पालिका दवाखान्यात दाखवा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपीची सोय आहे. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून रोज उपाशीपोटी घेऊ नका. त्यांनी पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. नस बसवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती मान देऊ नका.

आपल्या माणसांचे सुख-दुःख, जयंत्या, मोर्चे टिपणारी ही मुले आहेत. त्यांनी काढलेले फोटो घराघरांच्या भिंतीवर लागतात. आई, बहिणी, पत्नी यांनी आज एकच करावे. मुलगा घरी आला की सॅक त्याच्या पाठीवरून उतरवताना हात लावावा आणि ती किती जड आहे ते स्वतः पाहावे. उद्या त्यातले दोन किलो कसे कमी करता येतील, हे मग सगळ्यांनी मिळून ठरवावे.