पट्टी बदलली, चाल तीच

केळझरच्या गणपतीपुढे भजनाला पेटी बदलली, तर वादक आधी विचारणार, "पट्टी कोणती?" काळी एकला बसलेली बोटं पांढरी चारला चुकतात, सरगम तीच राहते. जुन्या सीक्वेन्सरमधल्या चाली नव्यात नेताना नेमकं हेच आडवं येतं.

सीक्वेन्सर सूर वाजवत नाही, वाजवायला सांगतो. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये हे सांगणं व्होल्टच्या भाषेत चालतं. बहुतेक यंत्रांत एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर, म्हणजे अर्ध्या सुराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-२० मध्ये मात्र व्होल्टेज दुप्पट झालं की सप्तक चढतं! तेव्हा आकडे जसेच्या तसे उचलले, तर चाल बेसूर. आधी त्यांचे स्वर करायचे, मग नव्या यंत्राचे आकडे.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले, त्यात रोलँडचा टीबी-३०३ हा सीक्वेन्सर असलेला सिंथेसायझर होता. मिडी, म्हणजे वाद्यांची आपसातली डिजिटल भाषा, आली १९८३ ला, त्यामुळे या डब्यातून चाल मिडीच्या वायरीने बाहेर काढायची सोयच नाही. स्मरणशक्ती सेलवर, सेल काढले आणि वीजही नसली, की पाटी कोरी. म्हणून आधी कागद घ्यायचा, सोळा घरं आखायची आणि प्रत्येकात स्वर, सप्तक, जोर, घसीट लिहायची. मग तेच त्याच्या २०१६ च्या नव्या अवतारात, टीबी-०३ मध्ये भरायचं. फिरकीच्या बटणांची जागा तर जुनं यंत्र लक्षातच ठेवत नाही. त्यांचा मी सरळ मोबाइलवर फोटो काढीन.