चाकांवरचे घर आणि त्याची चासी

कला शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी कविता लिहावी, फार तर एखाद्या लेखकावर टिपण लिहावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी मोटारीच्या सांगाड्यावर लिहितो आहे, तेव्हा संपादक मंडळाने व वाचकांनी सांभाळून घ्यावे. यामागे एक कारण आहे आणि ते लेखाच्या ओघात येईलच.

माझे वडील सुतार. आम्ही त्यांना आबा म्हणतो. महामार्गालगतच्या एका शेडमध्ये ते ठेक्याने ट्रकच्या बॉड्या बांधतात. कंपनीतून ट्रक येतो तो पुष्कळदा नुसती चासी म्हणून: इंजिन, चाके आणि दोन लांब लोखंडी तुळया आडव्या पट्ट्यांनी जोडून केलेला शिडीसारखा सांगाडा. (पुस्तकात चॅसिस म्हणतात, शेडमध्ये कोणीही चासीच म्हणतो.) आबांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण चासीभोवती एक फेरी मारून तिचा कोणता पाटा बसला आहे हे ते सांगतात. मला इंग्रजी वाचता येते, पण चासीतले काही कळत नव्हते. पुढचा घोटाळा झाला तो इथेच.

गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आबांकडे आले. मुलीकडे जर्मनीत सहा महिने राहून आले होते आणि तिथली 'चाकांवरची घरे' पाहून त्यांना वेड लागले होते. तेरा आसनांची एक वापरलेली गाडी त्यांनी विकत घेतली होती. सोबत एक गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग होता. "मिस्त्री, हे असं पाहिजे," असे म्हणून त्यांनी चित्रावर बोट ठेवले. चित्रात मागच्या बाजूला स्वयंपाकघर, त्याखाली पाण्याची टाकी आणि मागच्या दाराला सायकली होत्या.

घर घेताना आपण खोल्या पाहतो, खिडक्या पाहतो. चाकांवरचे घर निवडताना मात्र ही सवय घात करते. पलंग, ओटा, दिवे हे सगळे नंतर बदलता येते. चासी बदलता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की ही चासी एकूण किती भार पेलते आणि त्यातला किती भार घरानेच खाऊन टाकला आहे? उरतो तो माणसांचा आणि सामानाचा वाटा.

युरोपात हा हिशेब फार काटेकोर असतो. तिथे नेहमीच्या मोटारीच्या परवान्यावर चालवायच्या गाडीला ३,५०० किलोची मर्यादा पडत आली आहे. म्हणून तिथली लहान चाकांवरची घरे बहुधा या आकड्याच्या आत बसवलेली असतात. कॅटलॉगमध्ये 'चालू स्थितीतील वजन' म्हणून जो आकडा छापतात त्यात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी धरलेली असते. चालकाची पत्नी मात्र धरलेली नसते! शेजारी बसणारी व्यक्ती, कपडे, भांडी, अंथरुणे, छपरावरची सौर पट्टी, बाहेरचा कापडी मांडव हे सगळे उरलेल्या भारातून जाते. शिवाय छापील आकड्यात ५ टक्के इकडेतिकडे होण्याची तिथल्या नियमांत मुभा आहे. २,९०० किलोच्या गाडीत ही मुभाच १४५ किलोची होते, म्हणजे दोन माणसे झाली. कागदावर ६०० किलोची सवड दिसली म्हणून हुरळून जाऊ नये ते यासाठी.

आता आमच्या साहेबांच्या गाडीकडे वळतो. गाडीच्या पुस्तिकेत वजनाचा तक्ता इंग्रजीत होता. आबा म्हणाले, "एकूण किती, अन् मागल्या एक्सलला किती चालतंय, ते वाच बघू." मी वाचले. एकूण ३,५०० किलो. त्याखाली पुढचा एक्सल १,६०० आणि मागचा २,१५०. मी मनात बेरीज केली, ती ३,७५० भरली. एकूण आकडा ३,५०० असताना दोन एक्सलची बेरीज त्याहून जास्त कशी होईल? मला ती छापखान्याची चूक वाटली. मी आबांना म्हणालो, "एकूण साडेतीन हजार आहे, बाकीचं चुकीचं छापलंय." आबांनी माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. कॉलेजात शिकणारा मुलगा सांगतो म्हटल्यावर ते तरी काय बोलणार?

ती चूक नव्हती. प्रत्येक एक्सलची मर्यादा स्वतंत्र असते आणि ती जाणूनबुजून सैल ठेवतात, कारण भार कधी पुढे तर कधी मागे सरकतो. गाडीला तिन्ही मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात. एकूण वजन हद्दीत असूनही मागचा एक्सल हद्दीबाहेर जाऊ शकतो.

काम पूर्ण झाल्यावर टाकी भरून गाडी काट्यावर नेली. एकूण वजन ३,२८० किलो भरले, म्हणजे २२० किलोची सवड. साहेब खूश झाले. मग आबांनी काटेवाल्याला फक्त मागची चाके चढवायला सांगितली. ती २,२७० भरली, म्हणजे १२० किलो जास्त.

बैलगाडीत मागे ओझे झाले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते, हे आपल्यापैकी खेड्यातून आलेल्यांना सांगायला नको. मोटारीतही तेच घडते, फक्त जू दिसत नाही. आमच्या गाडीच्या दोन एक्सलमधले अंतर ३.३ मीटर, आणि १२० लिटरची टाकी मागच्या एक्सलच्याही मागे १.१ मीटरवर. पाण्याचा भार १२० किलो, पण मागच्या एक्सलवर पडत होता १६०. वरचे ४० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जात होते. ज्या चाकांनी गाडी वळवायची तीच हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागते. घाटात हे फार वाईट. तीच टाकी दोन्ही एक्सलच्या बरोबर मध्ये बसवली तर मागे ६० आणि पुढे ६० किलो पडतात. एका टाकीच्या जागेने मागे १०० किलोंचा फरक! दाराला टांगलेल्या सायकलींचा आणि जादा चाकाचा हिशेबही असाच.

दुसरा दोष प्लायवूडचा. घरच्या कपाटांप्रमाणे १९ मिलिमीटरचे प्लाय वापरले होते. त्याच्या आठ फूट बाय चार फुटांच्या एका तक्त्याचे वजन सुमारे ३५ किलो असते. नऊ मिलिमीटरचा तक्ता त्याच्या निम्म्याने भरतो.

सगळे उचकटावे लागले. बावीस दिवस आबांनी मजुरी न घेता काम केले. त्या ठेक्याच्या पैशांतून माझी द्वितीय वर्षाची फी भरायची होती. ती मुदत उलटून गेल्यावर दंडासह भरली. आबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

त्या काळात मी तो जर्मन कॅटलॉग शब्दकोश घेऊन पुन्हा वाचला. त्यातले घर फियाट ड्युकाटोवर बांधलेले होते. ही गाडी १९८१ पासून इटलीतील आतेस्सा येथे तयार होते आणि युरोपातील चाकांवरच्या घरांत हिचा वाटा फार मोठा आहे. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकेही पुढचीच, म्हणून मागे दांडा जात नाही व घराची जमीन खाली बसवता येते. बंद व्हॅनची आतली रुंदी सुमारे १.८७ मीटर असल्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाला पलंग आडवा टाकता येतो. काही बांधणारे तर मूळ सांगाड्याचा मागचा भाग घेतच नाहीत. तिथे ॲल-को कंपनीची जस्त चढवलेली बुटकी चासी जोडतात. याची दुसरी बाजूही आहे. मागे भार फार झाला तर ओढणारी चाकेच हलकी होतात आणि ओल्या गवतावर जागच्या जागी फिरतात. मर्सिडीजची स्प्रिंटर मुळात मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी. चढावर, भारासह ती बरी पडते, पण तिच्यात जमीन उंच होते. (२०१८ पासून तीही पुढच्या चाकांच्या ओढीची मिळू लागली.) माझ्या मते निवड तुम्ही कुठे मुक्काम करणार यावरून करावी, नावावरून नव्हे.

बॉडीच्या दर्जाची परीक्षा आबांकडून शिकलो ती एवढीच: खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आणि छपराच्या सांध्याखाली अंगठा दाबून पाहावा. भिंत दबली तर आत पाणी मुरले आहे. दार उघडताच कुबट वास आला तर पुढे पाहूच नये.

आपल्याकडे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा अशा गाड्यांची हौस वाढेल असे वाटते. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकाशी विसंगत ठरेल असा बदल मनाने करता येत नाही. आमच्या साहेबांनी परिवहन कार्यालयाचे कागद आधीच सुरू केले होते, म्हणून निभावले.

दुसऱ्यांदा काट्यावर नेली तेव्हा मागचा एक्सल २,०६० आणि पुढचा १,१२० भरला. पावती मी वाचली. आता शेडमध्ये नवी चासी आली की आबा मला बोलावतात आणि तिच्यावरची पाटी मोठ्याने वाचायला लावतात. एकही ओळ गाळू देत नाहीत, टायरमधल्या हवेचीसुद्धा.