पेनीच्या पाठीवरची सावली: ठसेभेदांचा मागोवा

१८६० साली ब्रिटनच्या टांकसाळीने तांब्याची जाडजूड पेनी बंद केली आणि ब्राँझची पेनी काढली. वजन निम्म्यावर, म्हणजे ९.४ ग्रॅमवर आले आणि व्यास ३१ मिलिमीटरच्या आसपास ठरला. हे माप पुढे एकशे अकरा वर्षे टिकले. त्यामुळे १९६०च्या दशकात लंडनमधल्या एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यात अंबाडा घातलेल्या तरुण व्हिक्टोरियाची झिजून गुळगुळीत झालेली पेनी आणि दुसऱ्या एलिझाबेथची कोरी पेनी शेजारी शेजारी पडलेल्या असत. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन आले आणि ३१ ऑगस्टनंतर जुनी पेनी व्यवहारातून गेली. तोवर सुट्या पैशांतून एकेक साल शोधून काढण्याचा छंद तिथे घरोघरी पोचला होता. साल जमवता जमवता काहींच्या लक्षात आले की एकाच सालच्या दोन पेन्या सारख्या नसतात, आणि तिथून ठसेभेदांचा अभ्यास रुजला. माझे म्हणणे असे की टांकसाळीने काय ठरवले, कधी ठरवले आणि ते कितपत साधले, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा या ठशांतच आहे. मात्र त्यासाठी मुद्दाम केलेला बदल आणि आपसूक घडलेली चूक यांची गल्लत होता कामा नये.

या अभ्यासाला शिस्त लावली दोन ग्रंथांनी. १९६० मध्ये सी. विल्सन पेक यांची ब्रिटिश म्युझियममधल्या तांबे, कथील व ब्राँझच्या नाण्यांची सूची आली. १९७० मध्ये मायकेल फ्रीमन यांनी केवळ ब्राँझच्या नाण्यांवर पुस्तक लिहिले. फ्रीमन यांची युक्ती साधी होती: दर्शनी ठशाला आकडा, मागच्या ठशाला अक्षर आणि दोन्हींच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र क्रमांक. ठसा ओळखण्याची मोजपट्टी नाण्यावरच असते. काठावरचे मणी किंवा दात मोजायचे, अमुक अक्षराचा दांडा दातावर रोखला आहे की दोन दातांमधल्या फटीवर ते पाहायचे. झिजलेल्या नाण्यावरही ही खूण बरेचदा शाबूत असते. १८६० या एकाच सालात काठावर आधी मणी होते, मग दात आले, आणि एका बाजूला मणी तर दुसऱ्या बाजूला दात अशी मिश्र जोडीही क्वचित सापडते. नवे ठसे आले तरी जुने लगेच टाकून दिले जात नव्हते, हे या मिश्र नाण्यावरून कळते.

पण सर्वांत बोलका पुरावा पाचव्या जॉर्जच्या पेनीवर आहे. १९११ पासूनच्या या पेनीवर बर्ट्रम मॅकेनल यांनी घडवलेले राजाचे डोके मोठे आणि चांगलेच उठावदार होते. नाणे पाडताना धातू त्या उठावात ओढला जाई, मागच्या बाजूला ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनच्या प्रतीकदेवतेच्या, आकृतीला तो पुरत नसे आणि तिथे राजाच्या डोक्याची पुसट सावली उमटे. संग्राहक याला ‘घोस्टिंग’ म्हणतात. टांकसाळ या सावलीशी कशी झुंजली, हे नाणी सालवार मांडली की दिसते. १९२२च्या मोजक्या पेन्यांची मागची बाजू एरवी १९२७ पासून दिसणाऱ्या नव्या ठशाची आहे. म्हणजे उपाय पाच वर्षे आधीच करून पाहिला होता. १९२३ ते १९२५ या काळात पेनी पाडलीच नाही. १९२६ मध्ये आधी जुनाच चेहरा वापरला आणि त्याच वर्षी डोके सुधारून घेतले. १९२७ मध्ये मागची बाजू बदलली आणि १९२८ मध्ये डोकेच लहान केले. त्या त्या वर्षीच्या उत्पादनाचा नुसता आकडा पाहून यातले काहीच कळले नसते. याच मॅकेनल यांच्या चेहऱ्याचा १९११चा हिंदुस्थानी रुपया आपल्याकडच्या संग्राहकांना ठाऊक आहे. राजाच्या पदकमाळेतला हत्ती लोकांना डुक्कर वाटला आणि पुढच्याच वर्षी ठसा बदलावा लागला. त्या बदलाचे कारण तेव्हाच लोकांपुढे आले होते, पेनीचे मात्र नाण्यांवरूनच वाचावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की हा निव्वळ काथ्याकूट आहे आणि व्यापाऱ्यांनी भाव चढवण्यासाठी तो वाढवला आहे. यात काही अंशी तथ्य आहे. १८९७च्या काही पेन्यांवर ‘वन’ या शब्दातल्या ओ आणि एन या अक्षरांच्या मध्ये एक टिंब आहे. १९४६च्या काहींवर त्याच शब्दापुढे तसेच टिंब आहे. ही ठशातली इजा आहे, कोणाचा निर्णय नव्हे. अशा टिंबांना १९०२च्या खालच्या समुद्ररेषेच्या पंक्तीत बसवणे मला मान्य नाही. १९०२ मध्ये समुद्राची रेषा काही नाण्यांवर ब्रिटानियाच्या पायांच्या तिढ्याशी आहे, तर बाकीच्यांवर तिथून वर. तो आराखड्यातलाच फरक आहे. इजेचा उपयोग होतो, पण वेगळ्या कामासाठी: तडा वाढत गेलेला दिसला की कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे लावता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टांकसाळीचे दप्तर असताना नाण्यांवरून इतिहास का काढायचा? कारण दप्तर सालाचा हिशेब देते, ठशाचा नाही. १९१८ आणि १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या हीटन आणि किंग्ज नॉर्टन या दोन कंपन्यांनी सरकारसाठी पेन्या पाडल्या, पण सूच्यांत दोघांचा आकडा एकत्रच येतो. किंग्ज नॉर्टनची पेनी कमी मिळते, हे कळले ते हाती आलेली नाणी मोजूनच. अशा मोजणीवर संग्राहकांच्या निवडीचा परिणाम होतो, हे कबूल. म्हणूनच १९७१ पूर्वी चलनातून उचलून केलेल्या मोजणीला मी अधिक किंमत देतो. ती संधी पुन्हा येणार नाही.

ठसा ओळखता आला नाही तर काय होते, ते १८८२च्या पेनीवरून समजते. त्या वर्षी नवी यंत्रे बसवण्यासाठी लंडनची टांकसाळ काही महिने बंद होती आणि पेनीचे काम हीटनकडे होते. म्हणून सालाखाली एच हे अक्षर असते. एच नसलेली पेनी अतिदुर्मीळ आहे आणि तिची किंमत प्रचंड आहे. पण एच झिजूनही जातो आणि लबाडीने घासूनही काढला जातो. त्यामुळे अक्षराची गैरहजेरी हा पुरावा होऊच शकत नाही; बाकीच्या नाण्यावरचा ठसा जुळला तरच ती खरी.

तेव्हा १९२६ची पेनी हाती आली तर ती चिंच-मीठ लावून चकचकीत करू नका. राजाच्या मानेच्या कापावर भिंग धरा. बी आणि एम या मॅकेनल यांच्या आद्याक्षरांपुढे टिंबे असतील तर ती नेहमीची पेनी. टिंबे नसतील आणि अक्षरे उजवीकडे सरकलेली असतील, तर सुधारलेल्या चेहऱ्याची दुर्मीळ पेनी तुमच्या हातात आहे.