कणकुंबीत पाणी शंभराला उकळत नाही

यंदा गणपतीला गावी गेलो तेव्हा बॅगेत आईसाठी साडी होती, पुतण्यासाठी बॅट होती आणि विमानाच्या इंजिनाचं तापमान मोजणारे चार सेन्सर होते. शेवटची गोष्ट घरात कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी चहाच्या पातेल्यात वायरी सोडून बसलेला दिसलो, तेव्हा आत्तीनं विचारलंच, "काय कराय लागलास रे? ते पातेलं उद्या नैवेद्याला लागतंय."

माझा बीईचा एक मित्र अमेरिकेत आपल्या गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधतोय. ऐकायला अचाट वाटतं, पण तिथे ही रीतसर मान्य गोष्ट आहे. अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असावं लागतं, तपासणी होते आणि मग पहिले साधारण २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या भागातच उडवून बघावं लागतं. आपल्याकडे असं करणारा मराठी माणूस म्हणजे वैमानिक अमोल यादव. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते बीकेसीत लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं आणि उड्डाणाच्या परवान्यासाठी २०१९. विमान बांधण्याइतकीच चिकाटी कागदांनाही लागते, एवढं त्यावरून कळतं.

मित्राच्या विमानाला चार सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन आहे. कारमध्ये रेडिएटर असतो, तापमानाचा एक काटा पुरतो. इथे प्रत्येक सिलिंडर वेगळा तापतो. समोरून येणारी हवा एखाद्याला कमी मिळाली की तो एकटाच भाजत राहतो. म्हणून प्रत्येकाच्या डोक्यात एक सेन्सर. या जातीच्या बऱ्याच इंजिनांत २६० अंश सेल्सिअस ही शेवटची मर्यादा असते, आणि जाणते लोक त्याच्या पुष्कळ खाली राहतात. हे सगळे आकडे एका पडद्यावर दाखवणारी पेटी तो स्वतः बनवतोय आणि तिचा कोड लिहायचं काम माझ्याकडे आहे. सुट्टीवर आला तेव्हा पेटी आणि सेन्सर देऊन गेला.

सेन्सर तपासायची सोपी रीत म्हणजे एकदा बर्फाच्या पाण्यात, एकदा उकळत्या पाण्यात बुडवायचा. मी घाईत थेट उकळतं पाणी घेतलं. पहिल्या तीन सेन्सरनी ९७ दाखवलं. मी लॅपटॉप उघडून तिन्हीत तीन-तीन अंश मिळवायला लागलो, तेवढ्यात बाबा आले. निवृत्त विज्ञान शिक्षक. पडद्याकडे बघून म्हणाले, "बरोबर दाखवतंय की."

"बाबा, पाणी खळखळ उकळतंय. शंभर पाहिजे."

"शंभर समुद्राकाठी. मलप्रभा आपल्या माउलीच्या देवळापासून खाली वाहत जाते, वर चढत नाही. इथं कुठलं शंभर?"

कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंश उतरतो, म्हणजे इथे ९७ च्या आसपासच उकळी फुटणार. फ्रीजमधला बर्फ फोडून पाण्यात घातला, तिन्ही सेन्सर शून्यावर आले. मी केलेली दुरुस्ती राहिली असती तर बर्फ तीन अंशांचा दिसला असता. तीन अंशांनी इंजिन जळत नाही, हे खरं. पण आपल्याला वाटतं तो आकडा दिसेपर्यंत सेन्सर वाकवायचा, ही सवय वाईट.

खरी चूक चौथ्यात होती. उकळत्या पाण्यात तो शून्य दाखवत होता. मला वाटलं, मेला. पण बर्फात घातल्यावर तो ५० वर गेला! गार केल्यावर चढणारं थर्मामीटर मी पहिल्यांदाच पाहिलं.

या सेन्सरमध्ये दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात, एक लोखंडाची आणि एक कॉन्स्टंटन नावाच्या मिश्रधातूची. टोक आणि पेटी यांच्या तापमानात फरक पडला की अगदी थोडा व्होल्टेज तयार होतो. (म्हणूनच वायर कमी पडली तर घरातली तांब्याची जोडून चालत नाही, जोडाच्या जागी नवीनच घोळ होतो.) आणि अमेरिकन पद्धतीत या तारांपैकी लाल ही ऋण असते. लहानपणापासून लाल म्हणजे अधिक असं शिकलेल्या माझ्या हातांनी चौथी जोडी उलटी लावली होती. पहिल्या तीन मित्रानं लावून दिल्या होत्या.

मग उकळत्या पाण्यात उणे ४५ वगैरे दिसायला हवं होतं, शून्य का? कारण माझा कोड. 'इंजिन शून्याखाली कशाला जाईल' म्हणून मी सगळे उणे आकडे शून्य करून टाकले होते. पडदा नीटस दिसावा म्हणून. हे तसंच विमानात गेलं असतं तर चौथा सिलिंडर जितका तापला असता तितका पडद्यावर गारच राहिला असता, आणि धोक्याचा लाल दिवा कधीच लागला नसता. दोन सीटच्या विमानात दुसऱ्या सीटवर मित्राची बायको बसणार आहे. त्या रात्री आरतीला उभा होतो, पण डोक्यात तेच चाललं होतं.

आता अशक्य आकडा आला की पडदा आकडा दाखवतच नाही, तिथे पिवळी फुली येते. मित्राला सगळं कळवलं. त्यानं इंजिनावर आधीच बसवलेल्या वायरी पुन्हा तपासल्या, त्या सरळ निघाल्या. पुढचं काम एक्झॉस्टच्या सेन्सरचं. तिथे तापमान ७०० ते ८०० अंशांत असतं आणि चारही नळ्यांत भोकं सिलिंडरपासून सारख्याच अंतरावर पाडावी लागतात, नाहीतर चारांची तुलनाच होत नाही. ती भोकं तो पाडेल. मला फक्त कोड लिहायचाय, आणि आत्तीला एक नवीन पातेलं घेऊन द्यायचंय.