उंबरठ्यावरची मराठी

इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली, याचा आम्हां इंदूरकरांस सार्थ अभिमान आहे. परंतु भाषेची खरी परीक्षा घराच्या उंबरठ्यावर होते. दारी पाहुणे आले की आमची तरुण मुले नमस्कार करून आत निघून जातात. त्यांना उद्धट म्हणणे अन्यायाचे ठरेल. बाजारात हिंदी सफाईने बोलणाऱ्या या मुलांना मराठीत चुकण्याचा संकोच वाटतो.

हिंदीतील एका 'हम'साठी मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. पाहुण्यांना 'आम्ही जेवायला बसू' म्हटले, तर ते पंगतीबाहेरच राहतात. 'आपण' म्हणताच ते घरचे होतात. निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, हेही ऐकूनच कळते.

म्हणून मुलांची चूक चारचौघांत काढून हसू नये. पाहुणे गेल्यावर हळूच सांगावी. पाणी देताना प्रवासाची विचारपूस त्यांनाच करू द्यावी, आजोळी फोनही त्यांनीच लावावा. आज ती अबोल राहिली, तर उद्या आजीने आपल्या आठवणी सांगायच्या कोणाला?