बादलीतल्या भट्टीपासून लेथपर्यंत

लेथ बनवायला लेथ लागतो, असे यंत्रकामातले कोणीही सांगेल. ज्याच्याकडे पहिलाच लेथ नाही आणि तो विकत घ्यायला पैसेही नाहीत, त्याची वाट इथेच अडते. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या डेव्हिड जिंजरी यांनी 1980 च्या दशकात ही वाट मोकळी करून दिली. भंगारातून स्वतःचे धातुकामाचे वर्कशॉप उभारायचे, एवढ्या एकाच विषयावर त्यांनी सात पुस्तकांची मालिका लिहिली. घरगुती कारागिरीच्या गेल्या चार-पाच दशकांकडे मागे वळून पाहताना पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागते.

मालिकेतले पहिले पुस्तक भट्टीचे आहे. पत्र्याच्या बादलीला आतून उष्णता सोसणाऱ्या मातीचे अस्तर द्यायचे, कोळसा पेटवायचा आणि पंख्याने वारा घालायचा. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते आणि एवढी उष्णता अशा भट्टीत सहज मिळते. मग लाकडाचा पॅटर्न करायचा, ओलसर वाळूत त्याचा साचा उठवायचा आणि त्यात रस ओतायचा. जुने पिस्टन, मोडकी घरगुती उपकरणे, गिअरबॉक्सची फुटकी कवचे, सगळा कच्चा माल भंगारातला.

दुसरे पुस्तक लेथचे. बेड ओतीव ॲल्युमिनियमचा आणि त्यावर मार्ग म्हणून पोलादाची सपाट पट्टी. मुख्य हत्यारे म्हणजे हातातले ड्रिल, कानस, स्क्रेपर आणि भरपूर सबुरी. यातली खरी युक्ती पुढे आहे. लेथ अर्धा झाला की उरलेला अर्धा त्याच्यावरच करायचा. स्पिंडलचे भोक बेडला समांतर हवे, म्हणून ते बेडवरच बोअरिंग बार लावून पाडायचे; बेड जसा आहे तसेच भोकही येते. अपुरे यंत्र स्वतःलाच पुरे करत जाते.

लेथनंतर शेपर, मग मिलिंग मशीन, ड्रिल प्रेस, डिव्हायडिंग हेड, आणि शेवटी पत्रा वाकवायचा ब्रेक. या क्रमातच जिंजरींची हुशारी दिसते. शेपर तोपर्यंत कारखान्यांतून जवळजवळ हद्दपार झाला होता, तरी त्यांनी तो मिलिंगच्या आधी घेतला. शेपरला एका टोकाचे साधे हत्यार पुरते आणि ते घरच्या ग्राइंडरवर घासून करता येते. मिलिंगचे कटर मात्र महाग. गरीब कारागिराचा खिसा ओळखून केलेली ही निवड होती.

घरच्या घरी हत्यारे करण्याची परंपरा त्यांच्याही आधीची, मुख्यतः इंग्लंडमधली. पर्सिव्हल मार्शल यांनी 1898 मध्ये लंडनहून ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. छोटी वाफेची इंजिने करणाऱ्या हौशी माणसांसाठी ते होते. पण इंजिन करायचे तर आधी हत्यारे हवीत, म्हणून हत्यारांचे लेख त्यात सतत येत राहिले. 1970 च्या दशकात लफबरो इथले प्राध्यापक चॅडॉक यांनी कटरला धार लावण्याचे ‘क्वॉर्न’ नावाचे यंत्र वाचकांपुढे ठेवले. दिसायला अवघड आणि करायला त्याहून अवघड असलेले हे यंत्र अनेकांनी आपापल्या घरी पुरे केले. नवशिक्याची सुरुवात साध्या वस्तूंनीच होई : टॅपचा पाना, मार्किंगचा गेज, सिल्व्हर स्टीलचा डी-बिट. हा डी-बिट म्हणजे गोल सळी जवळजवळ अर्ध्यावर कापून, लालभडक तापवून पाणी दिलेले ड्रिल. आजही घरी करावे इतके सोपे.

सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न राहतो. पहिली सरळ वस्तू आणायची कुठून? त्याचे उत्तर इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 साली ग्लासगोमधल्या एका वैज्ञानिक सभेत मांडले होते. दोन पाटे एकमेकांवर जुळवत खरवडले तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते नेमके बसू शकतात. तीन पाटे आळीपाळीने जुळवले की ही लबाडी चालत नाही. तिन्ही एकमेकांशी जुळले म्हणजे तिन्ही सपाटच असले पाहिजेत. रंग लावायचा, टेकवायचा, उंच ठिपके खरवडायचे, पुन्हा टेकवायचे. अचूकपणा बाजारातून आणावा लागत नाही, तो हाताने निर्माण करता येतो. ही गोष्ट मानवी कसबाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

जिंजरींच्या पुस्तकांनंतरच्या काळात चित्र बदलले. चीनमध्ये बनलेले छोटे लेथ स्वस्तात मिळू लागले आणि पैसे वाचवण्यासाठी लेथ ओतण्याचे कारण उरले नाही. जिंजरी 2004 मध्ये वारले. त्यांची पुस्तके घरोघर पोचवणारी इलिनॉयमधली ‘लिंडसे पब्लिकेशन्स’ ही प्रकाशन संस्था 2013 मध्ये बंद झाली. मात्र त्याच सुमारास टेक्सासचे पॅट डिलेनी गरीब देशांतल्या कारागिरांसाठी मोटारीच्या जुन्या इंजिन ब्लॉकपासून यंत्र उभारण्याचे आराखडे फुकट वाटत होते. पहिल्या महायुद्धात तोफगोळे कातण्यासाठी वापरलेल्या काँक्रीटच्या लेथची विस्मरणात गेलेली कल्पनाही त्यांनी पुन्हा पुढे आणली.

जिंजरींच्या लेथची मर्यादाही सांगितली पाहिजे. ॲल्युमिनियम हलके, जाड काप घेतला की यंत्र थरथरते. बीडाच्या लेथशी त्याची बरोबरी होत नाही. पण तो बनवणाऱ्याला ओतकाम, फिटिंग, स्क्रेपिंग आणि मापन ही चारही कामे येऊ लागतात, आणि विकत आणलेला लेथ यातले एकही शिकवत नाही.

जिंजरींची पुस्तके त्यांच्या कुटुंबीयांनी पुढेही छापत ठेवली. ज्याला सुरुवात करायची असेल त्याने भट्टीपासून करावी. पायात चामड्याचे बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवा, आणि रसात टाकायचा प्रत्येक तुकडा आधी तापवून पूर्ण कोरडा केलेला हवा. रसाखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेला धातू अंगावर उडतो.